निनावी अर्ज आणि ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’

आमच्याकडं निनावी अर्ज म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही गल्लीत विचारा, कुणाच्या तरी घरात तो येऊन गेलेला असतोच. सोसायटीत घोटाळा आहे, मास्तर वेळेवर शाळेत येत नाहीत, अमक्यानं गावठाणात अतिक्रमण केलंय, आणि खाली सही काय तर ‘एक जागरूक नागरिक’. हे आधी सांगतोय कारण ज्या फ्रेंच कादंबरीबद्दल लिहायला बसलोय ती अशाच एका निनावी अर्जानं सुरू होते, आणि सूड, अपराधीपणा, नैतिक जबाबदारी हे जे मोठे शब्द तिच्याबद्दल बोलताना वापरतात ते सगळे त्या एका कागदातनंच बाहेर पडतात असं मला वाटतं.

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं एक खोली आहे, दोन कपाटं आणि एक लांब टेबल, तिला आम्ही वाचनालय म्हणतो. रविवारी सकाळी कॉलेजची चार-पाच पोरं येतात. त्यांना पाच रविवार मी ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ची गोष्ट सांगितली, आणि शेवटी एकानं विचारलं, “सर, मग काउंटचं बरोबर की चूक, ते सांगा की.” मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सगळं लिहितोय.

कादंबरी अलेक्झांडर ड्युमाची, त्याच्याबरोबर ओग्युस्त माके म्हणून सहलेखक होता. पॅरिसच्या एका दैनिकात १८४४ ते १८४६ अशी क्रमशः आली, एकूण ११७ प्रकरणं. ड्युमाचे वडील सैन्यात जनरल होते आणि नेपल्सच्या राज्यात जवळजवळ दोन वर्षं कैदेत पडून तब्येत मोडून परत आले होते, त्यामुळं बंद कोठडीचं वर्णन करताना त्याचा हात कुठंच अडखळत नाही.

गोष्ट सुरू होते १८१५ च्या फेब्रुवारीत, मार्सेय बंदरात. एडमंड दांतेस, वय एकोणीस, जहाजावरचा खलाशी, कॅप्टन वाटेत वारला म्हणून आता हाच कॅप्टन होणार, आणि मर्सिडीस नावाच्या मुलीशी लग्न ठरलेलं. म्हाताऱ्या बापाचा एकुलता एक. मरताना कॅप्टननं त्याला एक काम सांगितलेलं असतं, एल्बा बेटावर एक पुडकं द्यायचं आणि तिथनं मिळेल ते पत्र पॅरिसला पोचवायचं. एल्बावर तेव्हा नेपोलियन बोनापार्ट नजरकैदेत, फ्रान्समध्ये राजाचं राज्य, आणि बोनापार्टची माणसं म्हणजे राजद्रोही. दांतेसला राजकारणातलं काही कळत नाही, मेलेल्या माणसाचा शब्द पाळायचा एवढंच त्याला कळतं.

आता त्याला अडकवणारे चार जण बघा. जहाजाचा हिशोब ठेवणारा दांग्लार, त्याला कॅप्टनपद डोळ्यात खुपतंय. फर्नांड, त्याला मर्सिडीस पाहिजे. शेजारी शिंपी कादरूस, त्याला नुसतंच दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. तिघं खानावळीत बसलेत, कादरूस प्यायलेला. दांग्लार डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून, अर्ज लिहितो की दांतेस बोनापार्टचा माणूस आहे, त्याच्याकडं पत्र आहे, झडती घ्या. आणि मग, इथं नीट लक्ष द्या, तो स्वतःच तो कागद चुरगाळतो, छे छे, गंमत केली म्हणतो आणि कोपऱ्यात फेकून देतो. फर्नांड बघत असतो. तो उचलतो आणि पाठवतो.

म्हणजे लिहिणारा म्हणू शकतो मी टाकला नाही, टाकणारा म्हणू शकतो मी लिहिला नाही. आणि कादरूस तर म्हणू शकतो, मी शुद्धीतच नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी साखरपुड्याच्या जेवणातनं दांतेसला उचलून नेतात तेव्हा कादरूस शुद्धीत असतो, त्याला सगळं कळतं, तो बोलायला जातोसुद्धा, आणि दांग्लार त्याला दबक्या आवाजात सांगतो की त्याची बाजू घेशील तर तुलाही साथीदार ठरवतील. तो गप्प बसतो.

चौथा विलफोर, सरकारी वकील. त्याला दोन मिनिटांत कळतं की पोरगं निर्दोष आहे, तो त्याला सोडणारच असतो, आणि मग पत्रावरचं नाव वाचतो. ते पत्र त्याच्या स्वतःच्या बापाच्या नावावर असतं. बाप बोनापार्टवाला हे बाहेर पडलं तर याची नोकरी, ठरलेलं लग्न, सगळं संपलं. तो पत्र दांतेसच्या डोळ्यांसमोर जाळतो, बघ तुझ्याविरुद्धचा पुरावाच नष्ट केला म्हणतो, पोरगं त्याचे आभार मानतं, आणि रात्री त्याला समुद्रातल्या शातो दीफ किल्ल्यात कोंडतात. चौदा वर्षं. खटला नाही, शिक्षा किती ते माहीत नाही. घरी बाप उपाशी मरतो.

आमच्या घरातला अर्ज मी स्वतः हातात घेऊन बघितलाय. माझे थोरले काका, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, एका सोसायटीत सेक्रेटरी होते. खताच्या पोत्यांचा हिशोब लागत नाही म्हणून अर्ज वर गेला, तात्या सस्पेंड झाले, अडीच वर्षं चौकशी चालली आणि शेवटी काहीच निघालं नाही. तोपर्यंत अक्काचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या अर्जाची झेरॉक्स तात्यांच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली आहे. अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं काढलंय, पण ‘ळ’ काय लपला नाही. लिहिणाऱ्याचा ‘ळ’ दोन पोटांचा नव्हता, एकच गोल आणि त्याला खाली ओढलेली शेपटी, आणि तसाच ‘ळ’ सोसायटीच्या ठरावाच्या वहीत पानापानावर होता. तात्यांनी ओळखलं. कुणाला बोलले नाहीत.

तर या चौघांत जास्त दोषी कोण? वाचनालयातली पोरं एका सुरात दांग्लार म्हणाली. मला विलफोर वाटतो. बाकी तिघांना हेवा होता, राग होता, मत्सर माणसाला आंधळा करतो असं तरी म्हणता येईल, पण विलफोरचा दांतेसवर कसलाच राग नव्हता, उलट पोरगं त्याला आवडलं होतं. त्यानं एक आयुष्य गाडलं ते आपली सोय बघून, टेबलावर बसून, सहीनं. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट म्हणजे चौघांत मनाची टोचणी लागते ती त्यालाच, मर्सिडीस दारात येऊन दांतेसबद्दल विचारते तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी तुटतं. पण तो निर्णय बदलत नाही. अपराधी वाटणं वेगळं आणि जबाबदारी घेणं वेगळं, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडं क्वचितच वाचलंय. आपण बऱ्याचदा समजतो की मला वाईट वाटतंय म्हणजे मी माझा वाटा फेडला. विलफोरला वाईट वाटत होतं आणि दांतेस आत सडत होता, दोन्ही एकाच वेळी.

आत त्याला भेटतो फारिया, म्हातारा पाद्री, भुयार खणताना हिशोब चुकून दांतेसच्या कोठडीत निघालेला. चोर्ल्यातनं पणजीला गेलात तर जुन्या सचिवालयाजवळ एक पुतळा दिसतो, हात पसरलेला पाद्री आणि समोर मागं कलंडलेली बाई, तोच हा आबे फारिया, गोव्यात कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये संमोहनविद्येनं गाजलेला. ड्युमानं नाव त्याचं घेतलं, कादंबरीतला फारिया मात्र इटालियन आहे. हा फारिया दांतेसला गणित, इतिहास, भाषा सगळं शिकवतो, आणि एक दिवस त्याची हकीकत ऐकून नुसत्या प्रश्नांवरनं सांगतो की तुला कुणी अडकवलं. तुझ्या कॅप्टन होण्यानं कुणाचं नुकसान होणार होतं, लग्नानं कुणाचं, पत्रावर नाव कुणाचं होतं. दांतेसचा चेहरा बदलतो. आणि म्हातारा लगेच म्हणतो, मी हे सांगायला नको होतं, तुझ्या मनात जे नव्हतं ते मी घातलं, सूड. पूर्ण पुस्तकात, दुसऱ्यानं सांगायच्या आत, आपल्या बोलण्याची जबाबदारी घेणारा मला हाच एक माणूस दिसला.

पुढचं बऱ्याच जणांना सिनेमामुळं माहीत असतं म्हणून पटकन सांगतो. फारिया मरतो, दांतेस त्याच्या कफनाच्या पिशवीत स्वतःला शिवून घेतो, पायाला तोफेचा गोळा बांधून समुद्रात फेकतात, तो सुटतो, फारियानं सांगितलेला मॉन्टे क्रिस्टो बेटावरचा खजिना मिळवतो. आधी उपकाराची परतफेड, त्याच्यासाठी धडपडलेला जहाजमालक मोरेल दिवाळ्यात निघून जीव द्यायच्या बेतात असतो त्याला वाचवतो. आणि मग १८३८ मध्ये काउंट बनून पॅरिसला येतो. दांग्लार बँकर झालाय, फर्नांड सरदार आणि मर्सिडीसचा नवरा, विलफोर मोठा सरकारी वकील.

आता माझा मुख्य मुद्दा. काउंट कुणालाही स्वतःच्या हातानं मारत नाही. तो नुसता माहिती ठेवतो, कुणाच्या तरी कानात सोडतो, दोन माणसांची गाठ घालून देतो आणि बाजूला होतो. नावं तरी किती, कधी पाद्री बुसोनी, कधी लॉर्ड विल्मोर, कधी सिंदबाद खलाशी. फर्नांडनं पूर्वी यानिनाच्या (आजच्या ग्रीसमधलं शहर) सत्ताधीश अली पाशाचा विश्वासघात केला होता हे बाहेर काढायचं तर काउंट स्वतः बोलत नाही, तो दांग्लारला सुचवतो की यानिनाला पत्र लिहून चौकशी कर की. दांग्लार लिहितो, बातमी पेपरात येते. म्हणजे बघा, ज्याचं आयुष्य निनावी अर्जानं उद्ध्वस्त झालं तो माणूस तेवीस वर्षांनी काय करतोय, तर तेच. कागद दुसऱ्याच्या हातानं लिहवून घेतोय, टपालात दुसरा टाकतोय, आणि हा करून सवरून नामानिराळा. फरक एवढाच की त्याच्या अर्जातला मजकूर खरा आहे. तो फरक मोठा आहे, मी नाही म्हणत नाही, पण पद्धत दांग्लारचीच.

याच्या शेजारी हेदेला उभी करून बघा. अली पाशाची मुलगी, फर्नांडनं तिला गुलाम म्हणून विकलं होतं. तिलाही सूडच पाहिजे. ती फ्रान्सच्या वरिष्ठ सभागृहात जाते, बुरखा बाजूला करते, आपलं नाव सांगते, बापाचं नाव सांगते, कागद पुढं ठेवते आणि बोटानं दाखवते की हाच तो माणूस. फर्नांडला उत्तर द्यायची संधी असते, त्याच्याकडं उत्तर नसतं. याला मी सूड म्हणायला कचरतो. साक्ष म्हणतो. आपल्या नावानं, समोरासमोर, उलटा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर द्यायला तिथंच उभं राहायचं.

मर्सिडीसबद्दल मात्र ड्युमा कठोर आहे असं माझं मत आहे. दीड वर्ष वाट बघून तिनं फर्नांडशी लग्न केलं, कारण तिला सांगितलं होतं दांतेस मेला असणार, घरात कुणी नाही, पोटाला नाही. तिचा गुन्हा काय? तरी शेवटी तीच एकटी मार्सेयमधल्या दांतेसच्या बापाच्या जुन्या घरात रडत राहते. काउंटला ओळखणारी पहिली तीच. तिच्या मुलाला, आल्बेरला, काउंट द्वंद्वयुद्धात मारणार असतो त्याच्या आदल्या रात्री ती येते आणि काउंट वगैरे काही नाही, सरळ ‘एडमंड’ म्हणून हाक मारते. पोरगं वाचतं. सूडाचा मुखवटा तिच्या त्या एका हाकेनं गळून पडतो, पण तेवढ्यापुरताच.

कारण विलफोरच्या घरात आग आधीच लागलेली असते. विलफोरची दुसरी बायको, तिला पहिल्या बायकोच्या मुलीची, व्हॅलेंटीनची, वारसाहक्कानं येणारी संपत्ती आपल्या लहान मुलाला, एदुआरला, पाहिजे. काउंट एकदा तिच्या घरी बसून विषांबद्दल बोलतो, अगदी विद्वानासारखं, कुठलं थोडं थोडं घेतलं तर पचतं, कुठलं कळून येत नाही. तिला त्यात फारच रस आहे हे त्याला दिसतं. एक औषधही तो तिला देतो, थेंबभर घेतलं तर जीव वाचवणारं आणि जास्त झालं तर घेणारं. त्या घरात माणसं मरायला लागतात, त्याला माहीत असतं आणि तो बघत राहतो. मोरेलचा मुलगा धावत येऊन वाचवा म्हणतो तेव्हा तो आधी म्हणतो मरू देत त्यांना, आणि याचं व्हॅलेंटीनवर प्रेम आहे कळल्यावर मग हादरतो आणि तिला वाचवतो. म्हणजे थांबवणं त्याच्या हातात होतं. आपल्या माणसाला चटका बसेपर्यंत त्याला ते दिसलं नाही.

शेवटी विलफोरला बायकोचं कृत्य कळतं. तो तिला सांगतो की विष घे नाहीतर वधस्तंभ, आणि कोर्टात जातो. तिथं त्याचं स्वतःचं जुनं पाप उघडं पडतं, जन्मतःच बागेत पुरलेलं मूल जिवंत राहून आरोपी म्हणून समोर उभं असतं. तो मोडतो. मला तरी तिला शिक्षा करायचा काय अधिकार, असं म्हणत धावत घरी येतो. बायको मेलेली, आणि एकटी नाही, एदुआरला घेऊन गेलेली. त्याच वेळी काउंट पाद्रीच्या वेषात आत येतो, केसांचा टोप फेकतो आणि जो क्षण तेवीस वर्षं मनात घोळवला तो गाठतो, मी एडमंड दांतेस. विलफोर त्याचा हात धरून ओढत वर नेतो, पोराचं प्रेत दाखवतो, आणि विचारतो, बघ, झाला तुझा सूड?

काउंट पोराला उचलतो, खोलीत घेऊन जाऊन दार लावतो, पाव तास काय काय औषधं करून बघतो. पोरगं उठत नाही. तो त्याला परत आणून आईशेजारी ठेवतो. विलफोर तोपर्यंत वेडा होऊन बागेत कुदळीनं खणत असतो, पोरगं शोधत. इथपर्यंत काउंटचं म्हणणं असतं की मी देवाचा हात आहे, मी नुसता न्याय करतोय. त्या खोलीतनं बाहेर पडल्यावर त्याला ते म्हणता येत नाही.

आपल्याकडं म्हण आहे, सुक्याबरोबर ओलंही जळतं. पण ही म्हण आपण अशी वापरतो जणू ते आपोआप घडतं, पेटवणाऱ्याचा काही संबंध नाही. आमच्यातला एक मुलगा इथं अश्वत्थाम्याचं बोलला, त्यानं पण बापाच्या सूडासाठी द्रौपदीची झोपलेली पोरं मारली आणि मग कपाळाची जखम घेऊन तेल मागत फिरतोय. तुलना चांगली आहे. पण अश्वत्थाम्याच्या हाताला रक्त होतं, त्याला नाकारता येत नव्हतं. काउंटचे हात स्वच्छ. एदुआरला मारलं कुणी? आईनं. तिला त्या टोकाला ढकललं कुणी? नवऱ्यानं. विषाचं ज्ञान दिलं कुणी? म्हणजे परत तेच, लिहिणारा वेगळा, टाकणारा वेगळा, शिक्का मारणारा वेगळा. फक्त या वेळी यादीत दांतेसचं नाव आहे.

दांग्लारचा नंबर शेवटी येतो. रोमजवळ दरोडेखोरांच्या गुहेत त्याला उपाशी ठेवतात, एक कोंबडी लाख फ्रँकला. त्याचे केस पांढरे होतात. एदुआरच्या आधीचा काउंट असता तर त्याला तिथंच मरू दिला असता, बाप तसाच मेला होता ना. हा काउंट त्याला सोडतो आणि म्हणतो मी तुला क्षमा करतो कारण मलाही क्षमेची गरज आहे. म्हणून त्या पोराच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की चौघांना शिक्षा व्हायला पाहिजे होती, पण ‘मी फक्त सांगितलं, बाकी त्यांचं त्यांनी केलं’ हे काउंटचं खातं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्याला स्वतःला कळलं म्हणून मी हे पुस्तक मानतो.

तात्या आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. परवा पडवीत बसून त्यांना ही गोष्ट सांगत होतो. दांग्लारच्या डाव्या हातापर्यंत ते मान हलवत होते, एदुआरपाशी आलो तशी मान थांबली. बराच वेळ अडकित्ता नुसता उघडझाप करत बसले. मग बोलले, जे मी घरात आजवर ऐकलेलं नव्हतं. चौकशीतनं सुटून ते परत सोसायटीत रुजू झाले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्या ‘ळ’वाल्या माणसाचं पोरगं पीककर्जाला बाकी नसल्याचा दाखला मागायला आलं. कागद सगळे बरोबर होते.

“आठ दिवस फाईल ठेवलो. काय केलो नाही, नुसती ठेवलो. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरात.”

मग सही केली. तोवर पाऊस लागून गेला होता, पोराची पेरणी मागं पडली, त्या वर्षी भात आलंच नाही म्हणा.

मी म्हटलं, “तात्या, होगली बिडरी, किती वर्षं झाली त्याला.” आमच्याकडं मराठी घरातसुद्धा समजूत घालताना हे असं कानडी तोंडात येतं, जाऊ दे, सोडा.

त्यांनी ऐकलं नाही. विचारलं, “ते विष पाजलेलं पोरगं केवढं होतं म्हणालास?”

“लहानच होतं.”

“हे पोरगं त्या अर्जाच्या टायमाला चौथीत होतं,” तात्या म्हणाले.